मधलं फळ गेलेलं साल

फुकुशींची सायो आमच्या शाळेत शिकवण्याचा सराव करायला आली ती जूनच्या पहिल्या सोमवारी. त्या दिवसांत गावात कुणाची मान सरळ नसते. सफरचंदाची जादा फळं खुडायला, म्हणजे विरळणीला, माणूस पहाटे शिडीवर चढतो तो अंधार पडेस्तोवर वरच बघत राहतो, आणि जेवायला बसल्यावर त्याला मिसोच्या आमटीची वाटी चाचपून शोधावी लागते. अशा दिवसांत काळा सूट घालून, पांढऱ्या शर्टाचं वरचं बटण लावून ही पोरगी शाळेच्या दारात उभी. मी शाळेचा शिपाई. मीच तिला पायात घालायला शाळेतल्या चपला काढून दिल्या.

"यामाउचीकाका, तुम्ही अजून इथंच?" ती म्हणाली.

"मग कुठं जाऊ? तूच गेलीस शहरात."

तिला मी पहिलीपासून पाहिलेली. वर्गात बाई प्रश्न पुरा करायच्या आत हिचा हात वर. इतका ताणून वर करायची की बूड बाकावरून उठायचं. आता विद्यापीठाचं शेवटचं वर्ष. जिथं शिकलो त्याच शाळेत चार आठवडे सराव करायचा आणि शेवटच्या आठवड्यात सगळ्या शिक्षकांना मागं बसवून एक तास घ्यायचा, अशी आमच्याकडची रीत आहे.

त्या एका तासावर तिनं बरंच काही लावलं होतं. फुकुशींची बाग माझ्या बागेला लागून, त्यामुळं त्या घरातलं मला कळायचं राहत नाही. यंदा एप्रिलच्या अखेरीला उशिराचं हिम पडलं आणि फुलं करपली. मग मे महिन्यात सायोची आई नोरिए शिडीवरून पडली आणि तिच्या खांद्याचं हाड मोडलं. चारशे झाडं आणि एकटा तिचा बाप, तेइझो. मुलगा नाही, भाऊ नाही. सायो घरी आली त्याच रात्री तिनं बापाला सांगून टाकलं की तो तास जमला तर जुलैत शिक्षकभरतीची परीक्षा देईन, नाही जमला तर सूट घडी करून ठेवीन आणि बागेत येईन. नोरिएनं मला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "यामाउचीदादा, त्यांना काय हवंय ते त्यांनाच ठावं न्हाई."

मला ठाऊक होतं. त्याला पोरगी बागेत हवी होती, आणि तसं वाटतं याची त्याला लाज वाटत होती.

सायोला पाचवीचा वर्ग मिळाला. चौदा मुलं, आणि चौदाही बागवाल्यांची. वर्ग नारिताबाईंचा. बाई बुटक्या, पन्नाशीच्या, आवाज कधी चढत नाही. पण त्यांच्या हाताखाली सराव करून गेलेल्यांपैकी तिघं तरी माझ्या बॉयलरच्या खोलीत येऊन रडलेले आहेत. त्या खोलीत मी दोन खुर्च्या ठेवतो त्या काही उगाच नाही.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी तिला गणिताचा तास दिला. त्या वर्गाची खिडकी लागत नव्हती, म्हणून मी व्हरांड्यात कडी दुरुस्त करत होतो. कडीचं काम पाच मिनिटांचं होतं. मी ते पाऊण तास पुरवलं.

सायोनं विचारलं, ऐंशीला अर्ध्यानं, म्हणजे शून्य दशांश पाचनं गुणलं तर उत्तर ऐंशीपेक्षा मोठं येईल की लहान? पहिला हात वर झाला कोहारुचा. ओसानाईंची ही पोर हात वर करते तोही कोपरातून, निम्माच. ती उठून म्हणाली, मोठं, कारण गुणलं की वाढतं. सायोनं फळ्यावर 'मोठं' लिहिलं, मग हसून म्हणाली, "जवळजवळ, पण चुकलं," आणि डस्टरनं ते पुसून टाकलं. पुसलं आणि म्हणाली, "रित्सु?"

रित्सु म्हणजे सायो लहान असताना जशी होती तसा पोरगा. त्यानं उठून सगळं घडाघडा सांगितलं. सायोनं ते सुरेख अक्षरात लिहून काढलं, पोरांनी वहीत उतरवून घेतलं, आणि तास संपला. म्हणजे सायोचा संपला. घड्याळात अजून बारा मिनिटं शिल्लक होती.

बारा मिनिटं म्हणजे काय ते फळ्यासमोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तिनं पुस्तकाची पानं उलटली, कुणाला काही शंका आहे का असं विचारलं, कुणाला नव्हती. मग तिनं पुन्हा तेच विचारलं. पोरं तिच्याकडं बघत होती आणि ती घड्याळाकडं. तिच्या मानेवर लाल चट्टे उठलेले मला व्हरांड्यातून दिसत होते.

पोरं गेल्यावर नारिताबाई फळ्याजवळ आल्या. 'मोठं' जिथं पुसलं होतं तिथं खडूचा पांढरा डाग राहिला होता, त्यावर त्यांनी बोट टेकवलं.

"इथं काय होतं?"

"चुकीचं उत्तर, बाई."

"कुणाचं?"

सायोला क्षणभर आठवेना. मग म्हणाली, "ओसानाई."

"तू विरळणी करतेस, सायो," बाई म्हणाल्या. "झुपक्यातलं मधलं ठेवायचं, बाकीची खाली टाकायची. घरी करतेस तेच इथं केलंस. झाडावर ते बरोबर आहे."

एवढं बोलून त्या शिक्षकांच्या खोलीत निघून गेल्या. सायो त्या दिवशी बॉयलरच्या खोलीत आली, पण रडली नाही. खुर्चीवर बसून तिनं मला विचारलं, "काका, ती कोहारु रोज एवढीच बोलते का?" मी म्हटलं, एवढंही नाही बोलत, आज बोलली.

त्यानंतर दहा दिवस झाले तरी कोहारुनं हात वर केला नाही. मी मोजले असं नाही, सायोनं मोजले. तिच्या वहीत रोज एक रेघ असायची. ती कोहारुबरोबर जेवायला बसली, सफाईच्या वेळी तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसून जमीन पुसू लागली. कोहारु विचारलेल्याला उत्तर द्यायची आणि फडका पुढं सरकवायची. वर्ग सुरू झाला की हात मांडीवर.

या दिवसांत सायोचा दिवस पहाटे चारला बागेत सुरू व्हायचा. साडेसहाला ती शिडीवरून उतरायची, आंघोळ करून सूट चढवायची आणि सायकलवरून शाळेत. परत जायला संध्याकाळचे सात. मग तासाचं टाचण. नारिताबाई टाचण लाल करून परत करायच्या, सायो नवं लिहायची. त्यात मुलं काय काय उत्तरं देतील ते आधी लिहून काढावं लागतं. तिच्या टाचणात दर वेळी बरोबर उत्तर एकाच नावासमोर असायचं. बाईंनी एकदा विचारलं, "रित्सु आला नाही तर?"

"तो कधीच चुकवत नाही, बाई."

बाईंनी त्या नावाखाली लाल रेघ ओढली आणि पुढचं पान उलटलं.

एका रविवारी मी फुकुशींच्या बागेत मदतीला गेलो. विरळणीचं काम तसं डोक्याचं नाही, हाताचं आहे. एका झुपक्यात पाच-सहा फळं धरतात. त्यातलं मधलं सगळ्यात आधी फुललेलं, सगळ्यात गुटगुटीत. ते ठेवायचं आणि कडेची छोट्या कात्रीनं उडवायची. तेइझो हे चाळीस वर्षं करतोय. त्याची कात्री चालते तेव्हा तो हवामानावर बोलत असतो, सरकारला शिव्या देत असतो, झाडाकडं बघतही नाही.

सायो शेजारच्या शिडीवर होती. थोड्या वेळानं तिची कात्री थांबली. ती खाली उतरली, बापाच्या शिडीखाली बसली आणि पडलेली फळं उचलून बघू लागली. मग वर गेली, त्यानं राखलेलं एक मधलं फळ तोडलं आणि नखानं फोडलं. आत काळं होतं.

"बाबा."

"काय?"

"मधली मेलीत. हिमानं. आधी फुललेली तीच आधी करपली. तुम्ही जिवंत तेवढी कापताय."

तेइझोनं शिडीवरूनच खाली पाहिलं. तीन झाडांखाली हिरवा सडा पडला होता. चांगली, टणक फळं. यंदा हिम पडलंय हे त्याला ठाऊक होतं, सहकारी संस्थेच्या माणसानं येऊन सांगितलंही होतं, पण हातांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि हे पोरीनं दाखवलं, ते माझ्यासमोर. मी कात्रीला तेल लावायच्या निमित्तानं पाठ वळवली.

मला वाटलं आता हा भडकणार. तेइझो शिडीवरून उतरला, उकिडवा बसला आणि पडलेलं एक फळ त्यानं बोटांत दाबून बघितलं. मग त्यानं हातमोजे काढले आणि कमरेला खोचले.

"आता बघून करावं लागंल," तो म्हणाला. "दरेक."

साठीचा माणूस पुन्हा शिडीवर चढला आणि उघड्या बोटांनी एकेक झुपका चाचपू लागला. मधलं दाबून बघायचं, मऊ लागलं तर कडेच्यांतलं कुठलं धरेल ते बघायचं, मगच कात्री. जिथं अर्ध्या तासात झाड व्हायचं तिथं दोन तास लागायला लागले. त्या दिवशी त्यानं सरकारलाही सोडून दिलं. चाळीस वर्षांची सवय एका सकाळीत खाली ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि मी त्याला कधी सांगितलं नाही तरी त्या दिवशी मला तो फार मोठा वाटला. सायोही मधूनमधून हात थांबवून त्याच्याकडं बघत होती.

शेवटच्या आठवड्यातला शुक्रवार उजाडला. मी सकाळीच पाचवीच्या वर्गात मागं अकरा खुर्च्या मांडल्या. सव्वाआठला ऑफिसातला फोन वाजला. रित्सुला ताप, एकोणचाळीस अंश.

नारिताबाईंनी जिन्यापाशी सायोला गाठलं. "मुख्याध्यापकांशी बोलते मी. सोमवारपर्यंत मुदत वाढवून घेऊ."

सायोनं हातातलं टाचण चाळलं, नऊ पानं, मग ते दुमडलं.

"नको, बाई. आजच घेते."

"काय करणार आहेस?"

"बघून करावं लागेल," ती म्हणाली.

वर्गात शिरताना तिनं कोटाच्या खिशात हात घातला आणि थबकली. पहाटेची कात्री सूट चढवताना सवयीनं खिशात आली होती. ती तिनं माझ्या हातात दिली. "काका, ठेवा जरा." मी ती डगल्याच्या खिशात टाकली आणि मागच्या दारापाशी उभा राहिलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण हाकललंही नाही.

तिनं फळ्यावर दोन खोल्या काढल्या. सहलीच्या मुक्कामाच्या. पहिलीत दहा चटया आणि सहा मुलं, दुसरीत नऊ चटया आणि पाच मुलं. गर्दी कुठल्या खोलीत जास्त?

पोरं वहीत डोकं घालून बसली आणि सायो रांगांमधून फिरू लागली. रित्सु असता तर त्यानं एव्हाना भागाकार केला असता. बाकीच्यांत कुणी केला नव्हता. तिघांनी लिहिलं होतं, पहिलीत, कारण मुलं जास्त. काहींनी लिहून खोडलं होतं. ती कोहारुपाशी आली आणि थांबली. कोहारुनं दोन्ही खोल्यांतल्या चटयांवर एकेक पोर काढून बसवलं होतं, छोटी छोटी, केसांसकट.

"हे फळ्यावर काढशील?" सायोनं विचारलं.

कोहारुनं फळ्याकडं पाहिलं, मग फळ्याखालच्या डस्टरकडं.

"पुसणार न्हाई ना?"

हे तिनं हळूच विचारलं, पण वर्ग इतका शांत होता की मागच्या अकराही जणांना ऐकू गेलं. सायोच्या मानेवर पुन्हा ते चट्टे उठले. ती पुढं गेली, डस्टर उचलला, टेबलाच्या खणात ठेवला आणि खण लावून घेतला.

"नाही पुसणार," ती म्हणाली.

कोहारु उठली. फळ्यावर तिनं पोरं बसवली, पहिलीत सहा, दुसरीत पाच, आणि उरलेल्या चटया मोजल्या. इकडं चार, तिकडं चार. खाली लिहिलं, 'सारखी'. सायोनं तिच्या नावाची चुंबकाची पट्टी त्याच्याशेजारी फळ्याला चिकटवली. बरोबर म्हणाली नाही, चूक म्हणाली नाही.

मी घड्याळ बघत होतो. मुख्याध्यापक खाकरले. नारिताबाईंनी पेन खाली ठेवलं. सायोचे हात पाठीमागं एकमेकांत घट्ट धरलेले होते. एक मिनिट गेलं असेल. माझ्यासारख्याला वाटलं, बोल गं बाई काहीतरी.

मग सोमा नावाचा पोरगा बसल्या जागेवरून बोलला. घरी हे पाच भाऊ. "पण त्या रिकाम्या चार चटया कुणाच्या?"

पोरं हसली. कुणी म्हणालं मास्तरांच्या, कुणी म्हणालं उशा मारायला. सोमा हटेना. "आमच्यात असतं तर मारामाऱ्या झाल्या असत्या."

सायो फक्त एवढंच म्हणाली, "किती जणांच्या मारामाऱ्या?"

कोहारु खडू हातात घेऊन फळ्यापाशीच उभी होती. तिनं स्वतःच काढलेली पोरं मोजली, इकडची, तिकडची. पुन्हा मोजली.

"हितं चार चटयांवर सहा जण भांडतील," ती फळ्याशीच बोलली. "तितं पाचच." आणि मग वळून, "मग पहिलीत गर्दी जास्त. सारखी न्हाई."

वर्गात एकदम कालवा झाला. चार चटया सहा जणांत कशा वाटायच्या, प्रत्येकाला किती येईल, यावर तीन ठिकाणी भांडणं सुरू झाली. शिकवायचा होता तो भागाकार पोरं स्वतःच मागत होती. कोहारुनं 'सारखी' या शब्दाकडं बोट केलं.

"हे पुसू?"

"नको," सायो म्हणाली. "त्याच्यामुळंच तर इथवर आलो." आणि तिनं त्या शब्दापासून खाली नव्या उत्तरापर्यंत लाल खडूनं बाण ओढला. बाण सरळ आला.

तास दोन मिनिटं लांबला. मला त्या पोरीचा अभिमान वाटला, माझी कुणी लागत नाही तरी.

नंतरच्या बैठकीत, मी चहा देत होतो तेव्हा, मुख्याध्यापकांनी टाचणाप्रमाणं काहीच झालं नाही म्हणून सुनावलं, आणि ते खरंच होतं. भागाकार फळ्यावर आला नाही, वेळ पाळली नाही. एका मास्तरांनी खडूचे रंग जास्त झाले म्हणून सांगितलं. सायो सगळं उतरून घेत होती. शेवटी नारिताबाई म्हणाल्या, "या वर्गात मी दोन वर्षं आहे. कोहारु फळ्यापाशी बोलली, हे मी आज पहिल्यांदा ऐकलं." आणि त्यांनी सायोच्या सरावाच्या नोंदवहीवर पसंतीचा शिक्का मारला. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण ते मी कुणाला सांगणार नाही.

शनिवारी पाऊस लागला. ओल्या झाडावर कुणी चढत नाही. सायो तिच्या चपला आणि कागद न्यायला आली, आणि तिला सोडायला तेइझो छोटा ट्रक घेऊन आला. फळा मी पुसला नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी ओलं फडकं घेऊन आत गेलो होतो आणि तसाच बाहेर आलो होतो.

तेइझो रबरी बूट दारात काढून, मोज्यांवर वर्गात आला. तो याच वर्गात शिकलेला, माझ्याच बाकावर. त्यानं फळा डावीकडून वाचायला घेतला. 'सारखी'पाशी थांबला.

"ही पोर कुणाची?"

"ओसानाईंची," सायो म्हणाली.

"चुकलंय की हे."

"हो."

"आन ठेवलंस?"

"ठेवलं."

त्यानं लाल बाणावरून बोट फिरवलं, खालच्या उत्तरापर्यंत. खडू लागलेलं बोट विजारीला पुसलं. बाहेर पन्हाळीतून पाणी पडत होतं. मला वाटलं आता तो चटयांचं काहीतरी विचारेल.

"परीक्षा कवा हाय?" त्यानं विचारलं.

"जुलैच्या शेवटी."

"मग उद्यापास्नं शिडीवर चढू नगंस."

"आणि झाडं? अजून निम्मी राहिलीत, बाबा. बघून करायला वेळ लागतो."

"हाय की यामाउची. तसाबी शाळेत काय करतो त्यो, कड्या बसवतो."

मी खिशातली कात्री काढून पुढं केली. सायोचा हात सवयीनं आधी आला. तेइझोनं तिच्या हाताखालून ती घेतली आणि कमरेला, हातमोज्यांशेजारी खोचली.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मी त्याच्या बागेत पोचलो. तो केव्हाचा शिडीवर होता, उघड्या बोटांनी झुपके चाचपत. घरात माडीवर एका खिडकीत उजेड दिसत होता. मी रोजच्यासारखी लांबूनच हाक मारायला तोंड उघडलं.

"हळू बोल लेका," तेइझो वरून कुजबुजला. "पोरगी अभ्यास करतीया."